कलामहर्षी बाबूराव पेंटर : स्वहस्ते कॅमेरा घडविणारे कलावंत

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही कोल्हापूरचे कै. बाबूराव पेंटर यांचे चरित्र निवडले आहे. चित्रपटांच्या इतिहासात दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. तथापि ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या रंधा, पटाशी, कानस आणि गुण्या ही हत्यारे पूजिली गेली, त्या घरांतील वाचकांनी त्यांच्याकडे प्रथम कारागीर म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. अंधेरी, गोरेगाव, मालाड या भागांतील चित्रपटगृहांत जाणारे पुष्कळ असतात, आणि तेथील स्टुडिओंमध्ये राजवाडे व झोपड्या उभारणाऱ्या सुतारांचीही या उपनगरांत कधी वाण नव्हती; परंतु या साऱ्या व्यवसायाच्या मुळाशी कोल्हापुरातील एका मेस्त्री घराण्याचा हात आहे, हे आपल्या मुलांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, चित्रकला, मूर्तिकाम अशा अनेक कामांत गती असलेले गृहस्थ होते. अशा घरात मुलाला वेगळा गुरू करावा लागत नाही. लाकडाचा उभा धागा कोणता आणि आडवा कोणता, हे त्याला अक्षरांच्या आधी कळते. बाबूराव हे कोणत्या कलाशाळेत जाऊन शिकले नाहीत; जे शिकले ते घरी आणि कामावर. बाबूराव नेमके कोणत्या पोटशाखेचे, यावर आपल्यातील काही वडीलधारी मंडळी हिरिरीने वाद घालताना आम्ही ऐकली आहेत. त्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. ज्याने हत्यार धरून पोट भरले व नाव मिळविले, तो आपलाच.

त्यांच्याबरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी, ज्यांचे नाव घेतले पाहिजे ते म्हणजे त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री. दोघेही रंगकामात तरबेज. १९१० ते १९१६ या काळात या दोघा बंधूंनी नामांकित संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. राजवाडा, अरण्य, नदीतीर, देवालय असे पडदे त्यांच्या कुंचल्यातून उतरू लागले आणि लोक त्यांस मेस्त्रीऐवजी पेंटर म्हणू लागले. ते नाव पुढे कायमचे चिकटले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीतले ते कोल्हापूर. मल्ल, गवई, नट, चित्रकार अशा साऱ्या गुणिजनांना तेथे आधार होता. चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासारखी माणसे त्या नगरीत वावरत होती. अशा हवेत ही दोन मुले वाढली.

येथे थोडे मागे जावे लागेल. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. सावे दादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले, तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. दादासाहेबांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु लक्षात घ्यावयाचे ते हे की, तोपर्यंत हिंदुस्थानात हलते चित्र घेणारे यंत्र आले ते आगबोटीतून.

‘राजा हरिश्चंद्र’ पाहून आनंदराव व बाबूराव हे दोघेही भारावून गेले. एरवी माणूस भारावतो तो घरी येऊन चार जणांना कथा सांगतो. या दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला. त्यावर चित्रे दाखवून त्यांनी चार पैसे मिळविले हे खरे. परंतु त्या यंत्रावर त्यांनी चित्रपटकलेचा अभ्यासही केला, हे अधिक महत्त्वाचे. पडद्यावर चित्र पाडणारे यंत्र आणि चित्र टिपणारे यंत्र ही सख्खी भावंडे आहेत. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. फिल्म पुढे सरकविण्याचे मर्म दोहोंत एकच. ज्याने एकाचे पोट उघडून नीट पाहिले, त्याला दुसऱ्याची कल्पना करता येते. कॅमेरा आपणच घडवावा, या विचाराने आनंदराव कामाला लागले.

हे काम काय आहे, ते आपल्या वाचकांस अंमळ विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते त्यांनाच खरे समजेल. चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असते आणि तिच्या दोन्ही काठांना छिद्रांच्या रांगा असतात. एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंतचे अंतर एक इंचाच्या हजार भागांपैकी १८७ भाग, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ बरोबर दीड सूत. एका चित्राला चार छिद्रे लागतात. म्हणून एका फुटात सोळा चित्रे बसतात. मूकपटांच्या काळी दर सेकंदास सुमारे सोळा चित्रे घेण्याची रीत होती, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची पडे. कॅमेऱ्याला बाजूस दांडा असे. तो एकदा फिरविला की आठ चित्रे निघत. म्हणून चित्रकाराने सेकंदास दोन फेरे या चालीने तो फिरवावयाचा. आत बत्तीस दात्यांचे चाक असले की एका फेऱ्यास नेमकी आठ चित्रे सरकतात. अशा चाकाचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर भरतो, आणि त्यावरील बत्तीसही दात सारख्या अंतरावर कापावे लागतात.

फिल्म नुसती सरसर वाहून चालत नाही. ती थांबली पाहिजे, स्थिर राहिली पाहिजे, चित्र उमटले पाहिजे, आणि मग एका हिसक्यात पुढे गेली पाहिजे. सेकंदाला सोळा वेळा थांबावयाचे आणि सोळा वेळा धावावयाचे. यासाठी एक बारीक आकडा छिद्रात शिरून फिल्म खाली ओढतो, बाहेर पडतो, वर जातो आणि पुन्हा शिरतो. फिल्म ओढली जात असता भिंगापुढे अर्धवर्तुळाकार पत्रा येऊन उजेड अडवितो. त्यालाच शटर म्हणतात. सेकंदाचा बत्तिसावा भाग उजेड, बत्तिसावा भाग काळोख. आकडा आणि पत्रा यांचा मेळ केसभर चुकला तर चित्रे ओघळल्यासारखी दिसतात. फिल्मच्या वर आणि खाली सैल वळसे ठेवावे लागतात, नाही तर हिसक्याने ती तुटते. बाकी पेटी प्रकाशाला अभेद्य हवी. एका सांध्यातून सुईएवढा उजेड आत आला तरी सारे रीळ वाया. त्या काळी अशा पुष्कळ पेट्या लाकडाच्या असत, आणि पावसाळ्यात न फुगणारा व उन्हाळ्यात न आकसणारा सांधा कसा धरावयाचा, हे आपल्या मंडळींस आम्ही मास्तरांनी शिकवावे असे नाही.

चुकीला वाव किती, याचाही हिशेब पाहा. फिल्मवरील चित्र सुमारे एक इंच रुंदीचे. ते पंधरा फुटी पडद्यावर टाकले की १८० पट मोठे होते. फिल्म जर प्रत्येक वेळी एक सहस्रांश इंच इकडेतिकडे थांबली, तर पडद्यावरील चित्र जवळजवळ दीड सूत हलेल, आणि प्रेक्षकांचे डोळे दुखतील. आम्ही शाळेत प्रमाणाची गणिते शिकवीत असता पुस्तकातील रंगाऱ्यांची व मजुरांची उदाहरणे बाजूस ठेवून हेच उदाहरण फळ्यावर घालीत असू. ज्या मुलांच्या घरी लेथ होता, ती मुले उत्तर सर्वांच्या आधी काढीत.

१९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. कॅमेरा अर्धवट राहिला. कामातील जोडीदार, बंधू आणि मित्र एकाच वेळी गेला. येथे बाबूराव पुन्हा पडदे रंगविण्याकडे वळते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्या कामात पैसा होता आणि नावही होते. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते आणि विलायती माल मिळणे दुरापास्त झाले होते. बाबूरावांनी ते काम खाली ठेवले नाही. विष्णुपंत गोविंद दामले हे १८९२ साली जन्मलेले, यंत्रकामात विलक्षण बुद्धी असलेले गृहस्थ त्यांच्या मदतीस होते. दोघांनी मिळून तो कॅमेरा १९१८ साली पुरा केला. हिंदुस्थानात घडविलेला पहिला चित्रपट-कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

इतिहासलेखक एका वाक्यात ही गोष्ट सांगून पुढे जातात, याचे आम्हांस नेहमी वैषम्य वाटते. चित्रपट काढणे ही प्रतिभा, आणि चित्रपट काढण्याचे यंत्र काढणे ही मात्र मजुरी, असा काहीसा समज आपल्या विद्वानांत रुजलेला आहे. आनंदरावांचे नाव तर पुष्कळदा तळटिपेतही येत नाही. ज्या माणसाने प्रथम आकडा आणि दाते यांचा विचार केला, तो फळ पाहावयास राहिला नाही म्हणून त्याचे नाव गळावे, हा न्याय नव्हे. बाबूरावांच्या चरित्राच्या या लेखात आम्ही आनंदरावांचे नाव इतक्या वेळा घेतो आहोत ते हेतुपुरस्सर.

१९१७-१८ च्या सुमारास कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. कारागिराजवळ हुन्नर असते, भांडवल नसते. ते भांडवल पुरविण्यास पुढे आल्या त्या तानीबाई कागलकर या गायिका. धनिक मंडळींनी हात आखडता घेतला असता एका गायिकेने आपली पुंजी या उद्योगात घातली, ही गोष्ट आपल्या भगिनीवर्गाने अवश्य ध्यानात ठेवावी. कंपनीत दामले होते, पुढे साहेबमामा या नावाने प्रसिद्धीस आलेले शेख फत्तेलाल होते, बाबूराव पेंढारकर होते, आणि १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण येऊन मिळाला, तेच पुढचे व्ही. शांताराम. तेथे कामाची वाटणी नव्हती. आज जो तरवार घेऊन उभा, तो उद्या रंगाचा डबा घेऊन उभा. आपल्याकडील जुन्या कारखान्यांतून शागीर्द जसा झाडलोटीपासून सुरुवात करून मेस्त्री होतो, तशीच ती शाळा होती.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीपात्राचे काम पुरुषांनी केले होते. बाबूरावांनी गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांकडून भूमिका करविल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्याबद्दल त्यांना समाजाचा बहिष्कार सोसावा लागला. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले की सरकारने त्यास कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य निवर्तले. तेव्हा ही त्यांनी दिलेल्या अखेरच्या शाबासक्यांपैकी एक म्हणावयास हरकत नाही.

बाबूरावांच्या चित्रपटांत आणखी एक गोष्ट नवीन होती, आणि ती पुन्हा कारागिराचीच. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने रंगविलेले पडदे करण्यात घालविली, त्याच माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदा काढून टाकला. कापडावरील खांब आणि खरा खांब यांत भिंगाला फरक कळतो, हे त्यांनी ओळखले, आणि भरीव, घडीव, चहूबाजूंनी फिरता येईल असे देखावे उभारले. पोशाखांची रेखाचित्रे ते स्वतः काढीत. जाहिरातीची मोठी चित्रेही स्वतःच रंगवीत. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंतून ज्या सुतारांनी भिंती उभ्या केल्या, त्यांच्या धंद्याची मुहूर्तमेढ येथे रोवली गेली असे आम्ही समजतो. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज निघाली, १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान निघाली. हे सारे त्यानंतरचे.

‘सुरेखाहरण’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’ अशी चित्रपटांची मालिकाच मग सुरू झाली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तो चित्रपट पाहण्यास इतकी गर्दी लोटली की सरकारचे लक्ष या धंद्याच्या उत्पन्नाकडे गेले आणि करमणूक कराचा विचार त्यातून पुढे आला, असे सांगतात. परंतु आमच्या मते त्यांची सर्वोत्तम कृती १९२५ चा ‘सावकारी पाश’ ही होय. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून तो घेतला होता. सावकाराच्या पायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. देवदेवतांचे चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया पाहण्यास सवकलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, व धंद्याच्या दृष्टीने तो फसला. आपल्या घाटकोपर-मुलुंडकडील पुष्कळ कुटुंबांचे आजे-पणजे याच वाटेने, एक वळकटी आणि एक हत्यारांची पेटी घेऊन, मुंबईस आले. त्यांची कथा पडद्यावर सर्वांच्या आधी सांगणारा हा कोल्हापूरचा मेस्त्री.

१९२९ साली एक कठीण प्रसंग आला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. ज्यांनी कॅमेऱ्याचे दाते कापण्यापासून साथ केली होती, तेच हात आता दुसऱ्या छपराखाली काम करू लागले. याबद्दल कोणी शिष्यांस बोल लावतात, कोणी गुरूस. आम्हांस इतकेच वाटते की, तयार झालेला कारागीर एक दिवस स्वतःचे दुकान काढतोच; ते पाहून उस्तादाला वाईट वाटते हेही तितकेच स्वाभाविक. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास गेली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटास व्हेनिस येथे मान मिळाला. त्या यशात कोल्हापूरच्या जुन्या कारखान्याचा अंश नाही, असे कोण म्हणेल?

तशात १९३१ साली बोलपट आला. बाबूरावांस तो मनापासून आवडला नाही. इतक्या कष्टाने जोपासलेली चित्राची भाषा शब्दांच्या गलबल्यात बुडेल, अशी त्यांना भीती वाटे. त्यांच्या या मताला जुनाटपणा म्हणणारे आहेत. परंतु बोलपटाने कारागिराच्या हातातून नेमके काय काढून घेतले, ते पाहिले म्हणजे त्या मताचा अर्थ निराळा वाटू लागतो. बोलपटासाठी दर सेकंदास चोवीस चित्रे, एकही कमी-जास्त न होता, घ्यावी लागतात. नाही तर आवाज कधी घोगरा तर कधी किनरा होतो. माणसाच्या मनगटाने इतकी सारखी चाल साधत नाही. म्हणून दांडा गेला आणि मोटार आली.

या मोटारीचेही गणित पाहण्यासारखे आहे. एका फेऱ्यास आठ चित्रे, तर चोवीस चित्रांसाठी सेकंदास तीन, म्हणजे मिनिटास १८० फेरे हवेत. अमेरिकेतील वीज ६० आवर्तनांची. तिच्यावर मिनिटास १८०० फेरे घेणारी मोटार लावली आणि दहास एक असे गिअर दिले की काम झाले. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची. तीच मोटार येथे १५०० फेरे घेते, आणि त्याच गिअरवर चोवीसऐवजी वीसच चित्रे निघतात. म्हणजे येथे पंचवीसास तीन या प्रमाणाचे गिअर नव्याने कापून घेतले पाहिजेत. परदेशी यंत्र विकत घेतल्याने काम भागत नाही. ते आपल्या मातीत चालते करण्यास आपलाच मेस्त्री लागतो. अलीकडे चित्रपट संगणकी कॅमेऱ्यांवर घेतले जातात, आणि फिल्मची जुनी यंत्रे अडगळीत गेली. तरीही देबरी, बेल अँड हॉवेल, मिचेल अशा नावांचे शंभर वर्षांपूर्वीचे कॅमेरे जमवून त्यांना पुन्हा चालते करणारे हौशी लोक देशोदेशी आहेत. ज्यांचे सुटे भाग कोठेच मिळत नाहीत, त्यांची चाके ते लेथवर स्वतः कापतात, आणि क्वार्ट्झच्या स्फटिकावर चाल बांधलेली लहान मोटार दांड्याच्या जागी बसवितात. त्यांच्या पुढ्यातील अडचणी त्याच आहेत, ज्या आनंदराव आणि बाबूराव यांच्यापुढे होत्या.

बोलपटाच्या आगमनाबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी पुढे ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले. १९३६ साली ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा एकदा, आवाजासह काढला. प्रेक्षकांनी नाकारलेली कथा दहा-अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणे, यातून त्यांच्या मनाची घडण दिसते. १९४७ साली शांतारामांनी आपल्या गुरूस राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटासाठी बोलाविले, आणि त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात बाबूरावांचा हात लागला. शिष्याने हा जो मान राखला, त्याने १९२९ सालच्या कटुतेचा बराचसा भाग धुऊन गेला असावा. एरवी त्यांचा वेळ चित्रकला व मूर्तिकला यांतच जाई.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे बाबूरावांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय त्रेसष्ट होते. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे, दमट हवेत ती कुजे, आणि जुन्या रिळांतील चांदीसाठी लोक ती विकूनही टाकीत. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारलेला आहे. अंबाबाईच्या दर्शनास दर वर्षी जाणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत; देवळापासून ही जागा दूर नाही, आणि मुलांना घेऊन तेथे जाण्यास अर्धा तास पुरतो.